सव्वीस चिलाप्या

गोविंदाकाका भोईरांना आयुष्यात एकदाच शंका आली होती, तीही स्वतःच्या लग्नात, आणि तुळसाकाकूंनी ती आठवड्याभरात मिटवून टाकली. तेव्हापासून बासष्टाव्या वर्षापर्यंत काका प्रत्येक बाबतीत ठाम होते. टिटवाळ्याला शेतांच्या जागी इमारती उठणार, हे त्यांनी सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं, ते खरं ठरलं. पुतण्याच्या लग्नात जेवण कमी पडणार, हेही त्यांनीच सांगितलं होतं. ते इतकं उरलं की भावकीनं तीन दिवस मसालेभातच खाल्ला. आणि रांजणडोहात हातभर लांबीचे खडशी मासे आहेत, हे तर ते इतकी वर्षं सांगत होते की गावानं ऐकायचंच सोडून दिलं होतं.

रांजणडोह टिटवाळ्यापासून रिक्षानं वीस मिनिटांवर, काळू नदीच्या वळणावर. त्यात जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, ही गावाची जुनी रीत. मासे धरायचे ते खाली, बंधाऱ्याच्या पलीकडे. डोहाची राखण भोईरांच्या घराकडे होती आणि घरात ती काकांकडे आली होती. राखण म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी काठावरच्या खडकावर जाऊन बसायचं आणि कुणी दिसलाच तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. एवढ्यानं भागत असे.

त्या डोहावर आता भराव येणार होता. नदीकाठाचं सुशोभीकरण निघालं होतं. भिंत, फरसबंदी, सकाळी चालायला ट्रॅक, बसायला बाकडी. सल्लागारांनी अहवाल दिला होता की, सदर डोहात उल्लेखनीय मत्स्यजीवन आढळत नाही. हे त्यांना कसं कळलं? त्यांनी कल्याणच्या मासळीबाजारात जाऊन विचारलं, रांजणडोहाचा मासा येतो का? नाही म्हणाल्या बायका. बाजारात मासा नाही म्हणजे डोहात मासा नाही, असा त्यांचा सरळ हिशोब.

"अरे, आमी धरत नाय म्हणून तर तिथं हाय!" काका ग्रामपंचायतीत ओरडले होते. "धरला असता तर कधीच संपला असता."

भावकीतल्या दोघातिघांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की ट्रॅक झाला तर आपल्याच जमिनीला भाव येईल, तू कशाला मध्ये पडतोस. काकांनी त्या दोघातिघांशी बोलणं टाकलं. सुनावणी सोमवारी होती, कल्याणला, तीन जणांच्या समितीपुढे. तिथे पुरावा नसेल तर मार्चच्या आत डोह बुजणार होता, आणि काकांजवळ पुरावा म्हणून त्यांचा स्वतःचा शब्द सोडून काहीच नव्हतं.

पुरावा आणला समृद्धीनं. समृद्धी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, ठाण्याला एका संस्थेत माशांवर काम करायची. बुधवारी सकाळी ती अनिमेष नावाच्या आपल्या सहकाऱ्याला घेऊन आली आणि गाडीच्या डिकीतून लोखंडी सळ्यांची एक चौकट काढली. चौकटीवर मुठीएवढा कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या डबीत बसवलेला, त्याच्यासमोर पुढे आलेली एक काठी, आणि काठीच्या टोकाला जाळीची पिशवी.

"या पिशवीत बाजारातल्या तारल्या मासळ्या ठेचून भरायच्या," समृद्धी म्हणाली. "वास सुटला की मासे येतात. कॅमेरा तासभर तळाशी बसतो आणि येईल त्याला टिपतो. मग आपण मोजायचं. एकही मासा मारावा लागत नाही, काका. तुझी रीत पण मोडत नाही."

काकांना हे फारच आवडलं. जणू कॅमेरा त्यांनीच शोधला, अशा थाटात ते पिशवी हातात घेऊन बघू लागले. "पण तोच मासा दहा वेळा आला तर? दहा लिवणार?"

"नाही. एका वेळी कॅमेऱ्यात जास्तीत जास्त किती एकत्र दिसले, तेवढेच धरायचे."

"बरोबर हाय," काका म्हणाले. "मी बकऱ्या तशाच मोजतो."

डिसेंबरचं पाणी नितळ होतं. बुधवारी एक फेरी झाली, गुरुवारी दोन. चौकट दोरानं सोडायची, दोराला तरंगता डबा बांधायचा आणि तासभर सगळ्यांनी वरच्या देवळापाशी जाऊन बसायचं. काठावर सावली नको, आवाज नको. तासाभरानं चौकट वर घ्यायची. तीन फेऱ्यांत मिळून काय दिसलं? मळ्या नावाच्या बारक्या माशांचा घोळका, बोटभर कोळंब्या आणि एक खेकडा, जो पिशवीवर चढून बसला आणि अर्धा तास तिथून हललाच नाही.

"हे पण मासेच आहेत काका," अनिमेष म्हणाला. तो डोंबिवलीचा, स्वभावानं मऊ.

"हे मासे?" काका म्हणाले. "सल्लागार हसंल."

समृद्धी दोर गुंडाळत होती. कॅमेरा शनिवारी सकाळी परत द्यायचा होता. पालघरकडची एक तुकडी त्याच्यासाठी थांबली होती. म्हणजे शुक्रवारची एकच फेरी उरली. तिनं चौथ्या फेरीसाठी कमरेच्या थोडं वरपर्यंत पाणी असलेली खडकाची कपार निवडली, कारण तिथे उजेड चांगला पोचत होता. रात्री जेवताना ती पानातला भात नुसता चिवडत होती. काकांनी ते पाहिलं. खडश्या होत्या. संध्याकाळी पाण्यावर त्यांची शेपटी आपटलेली त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती. पण पोर रिकाम्या हातानं परत गेली, तर ऐकलेल्याला कोण विचारणार होतं?

तेव्हा काकांनी ठरवलं की डोहाला जरा हात द्यायचा. आणि काकांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता ते स्कूटर घेऊन मोहने गावाच्या बाजूच्या, तळ्यात मासे पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेले. त्याच्याकडे जिवंत मिळत होत्या त्या चिलाप्याच. काकांनी वीतभर लांबीच्या, दिसायला भरदार, अशा अठ्ठावीस निवडून घेतल्या. पाणी भरलेला झाकणाचा ड्रम पायांत धरून परत येईपर्यंत दोन मेल्या. त्या त्यांनी तुळसाकाकूंच्या स्वाधीन केल्या आणि उरलेला ड्रम करंजाच्या झुडपाआड नेऊन ठेवला.

समृद्धी आणि अनिमेषनं पावणेदहाला चौकट पाण्यात सोडली.

"पहिली पंधरा मिनिटं गाळ बसायला सोडून द्यायची," समृद्धी घड्याळ बघत म्हणाली. "मोजणी दहापासून. चला वर."

"तुमी जा," काका म्हणाले. "मी हितं वाटेवर राखण करतो. काल दोन पोरं आलेली पोहायला."

ती दोघं देवळाकडे गेली. आता इथे काकांची समजूत सांगायला हवी. पुतण्याच्या लग्नात त्यांनी ड्रोन पाहिला होता. फोटोवाला दूर उभा राहून फोनवर बोट टेकवायचा आणि मगच ते यंत्र जागं व्हायचं. समृद्धीच्या हातातही फोन होता, आणि ती म्हणाली होती, दहापासून. म्हणजे दहाला ती वरून बोट टेकवणार आणि तोवर कॅमेरा झोपलेला, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. चपला काठावर काढून, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन ते कपारीच्या वरच्या पायरीवर उतरले आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना ड्रम उलटा केला.

"जा बायांनो," ते म्हणाले, "तिकडं समोर उभ्या राहा."

ड्रम जागेवर ठेवून, पाय पुसून ते वाटेवर येऊन बसले, तेव्हा त्यांना फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी सहाला घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. काका मधल्या खुर्चीत, काकू दाराशी मटार सोलत, अनिमेष वही घेऊन. पडद्यावर आधी काठच दिसला. मग समृद्धीचा हात आला, हातात पाटी, पाटीवर खडूनं तारीख आणि वेळ: नऊ पंचेचाळीस.

काकांनी खुर्चीचा हात धरला. "हे आत्ताच कसं काय चालू?"

"काठावरच चालू करावा लागतो ना," समृद्धी म्हणाली. "पाण्याखाली त्याला वरून फोनचा सिग्नल पोचत नाही."

काकांनी खाकरून घेतलं. मग म्हणाले की सुरुवातीचं काय बघायचं, गाळच असंल, पुढं घे. समृद्धी म्हणाली, सगळं बघायचं असतं. मग ते म्हणाले, चहा कर गं. काकू म्हणाल्या, आत्ताच झालाय. कॅमेरा तळाशी बसला. गाळ हळूहळू निवळला. दोनेक मिनिटं हिरवट पाणी आणि तारल्यांची पिशवी, बाकी काही नाही. आणि मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पाय येऊन टेकला. डावा. त्याला सहा बोटं होती.

सहा बोटांचा डावा पाय पंचक्रोशीत एकच होता. त्याच्या मागोमाग वरून चांदीच्या रंगाच्या चिलाप्या धबाधबा पडल्या, पिशवीवर आदळल्या, कॅमेऱ्यावर आदळल्या आणि भेदरून चहूबाजूंना पळाल्या.

"अगं बाई," तुळसाकाकू म्हणाल्या. "म्हणून सकाळी दोन आल्या होय घरात!"

समृद्धीनं व्हिडिओ थांबवला. ती ओरडली असती तर काकांना सोसलं असतं. ती हळू आवाजात बोलली. "काका, हे काय केलंस? तीन दिवस आम्ही काय करत होतो इथे? आणि चिलापी? ती बाहेरची आहे रे. आपल्या माशांची अंडी खाते. डोह वाचवायला तू डोहातच ती सोडलीस?"

काकांची मान खाली गेली. बासष्ट वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं. त्यांना लाज वाटली, साधी, शाळेतल्या पोरासारखी. ती पोर लहान असताना याच खडकावर त्यांच्या मांडीवर बसून पाण्यात खडे टाकायची, हे त्यांना उगाच आठवलं.

"ही फेरी बाद," समृद्धी म्हणाली आणि लॅपटॉपकडे हात नेला.

"थांब," अनिमेष म्हणाला. "पुढे बघू तरी. बाद करायची तरी पूर्ण बघून करू."

त्यांनी पुढे पाहिलं. दहा वाजून गेले. चिलाप्या एकेक करून परत पिशवीभोवती जमल्या. मग त्या अचानक फुटल्या, आणि खडकाखालून एक मरळ सरकन आली, एक चिलापी आडवी धरली आणि तशीच मागे गेली. समृद्धी पुढे झुकली. दहा वाजून बावीस मिनिटांनी डाव्या बाजूनं काहीतरी मोठं, संथ, पितळी खवल्यांचं आत आलं. एक. त्याच्यामागे दुसरं. मग तिसरं. ते पिशवीपाशी आले, ओठांनी तिला ढुसण्या दिल्या, आणि त्यातल्या एकानं अंग वळवलं तसा खवल्यांवर उजेड पडला.

"खडशी," काका कुजबुजले. "बग. बग, खडशी."

चाळीस वर्षं ज्यांची नुसती शेपटी ऐकली, ते आज समोर होते. काकांनी डोळे पुसले आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

समृद्धीच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ती मान हलवत होती. "सोमवारी हे दाखवलं तर पायही दाखवावा लागेल. कापून दाखवणार नाही मी. आणि पाय दिसला की सल्लागार म्हणणार, सगळंच ओतलंय."

"मंग पाय दाखव," काका म्हणाले.

"काका, अख्ख्या सभेसमोर?"

"पाय माझा हाय ना? मंग मी बघतो."

सोमवारी कल्याणच्या सभागृहात शंभरेक माणसं होती. त्यात बोलणं टाकलेले ते भावकीतले दोघेतिघेही पुढच्या रांगेत येऊन बसले होते. समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त अधिकारी होत्या, चष्म्यावरून बघायच्या आणि कमी बोलायच्या. समृद्धीनं आधीच्या तीन फेऱ्यांचे आकडे सांगितले. मग ती म्हणाली, चौथ्या फेरीत बाहेरून मासे टाकले गेले आहेत, म्हणून ती मी मोजणीत धरलेली नाही, पण ती समितीनं पूर्ण पाहावी. आणि तिनं पाटीपासून शेवटपर्यंत काहीही न कापता व्हिडिओ लावला.

पाय आला तेव्हा सभागृहात खसखस पिकली. चिलाप्या पडल्या तेव्हा लोक हसून हसून लोटपोट झाले. खडश्या आल्या तेव्हा हसणं थांबलं, पण सल्लागार लगेच उठला.

"मॅडम, हा तर उघड बनाव आहे. ज्यानं हे ओतले त्यानं तेही ओतले असतील. आधी, नंतर, कोण सांगणार?"

"मी सांगणार," मागून आवाज आला.

काका पुढे आले. आदल्या रात्री त्यांनी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं होतं, पण पुढ्यातल्या रांगेतली ओळखीची तोंडं पाहिली आणि ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली आणि पाय टेबलासमोर पुढे केला.

"पाय माझा. मोजून घ्या, सहा हायत. अठ्ठावीस चिलाप्या आणल्या, दोन वाटेत मेल्या, सव्वीस सोडल्या. चूक केली. पोरीला म्हायती नव्हतं, तिची काय चूक नाय. पण सव्वीस सोडून त्या पाण्यातला एक पण मासा माझा नाय."

"आणि आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?" अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नका ठेवू," काका म्हणाले. आवाज पुन्हा त्यांचा झाला होता. "मी खोटं केलंय, कशाला ठेवाल? तुमचा कॅमेरा आणा. तुमची माणसं आणा. मना देवळापाशी बांधून घाला. पण एवढं विचारा या साहेबांना, जितीजागती हातभर खडशी कुठल्या बाजारात मिळते? मिळत असंल तर मना पत्ता द्या."

सल्लागारानं पाणी प्यायलं. अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की समिती स्वतः पाहणी करील. तोपर्यंत भराव थांबेल.

पाहणी पंधरा दिवसांनी झाली. समितीनं कॅमेरा वेगळ्या संस्थेचा आणला, माणसंही वेगळी. समृद्धी आणि अनिमेषला सुद्धा काठावर येऊ दिलं नाही. काकांना कुणी बांधलं नाही, पण अध्यक्षबाई स्वतः देवळाच्या पारावर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. तासभर काका जागचे हलले नाहीत. एकदा त्यांना शिंक आली, तीसुद्धा त्यांनी बाईंना विचारून दिली.

पारावरच लॅपटॉप उघडला. काकांनी देवळातल्या देवाकडे पाहिलं नाही, नुसतं पडद्याकडे पाहिलं. आज त्यांना खात्री नव्हती. मासे आहेत याची होती. ते आज येतील याची नव्हती. अठरा मिनिटं कुणी आलं नाही. समृद्धीनं काकांचा हात धरला.

एकोणिसाव्या मिनिटाला खडश्या आल्या. तीन नव्हे, सहा. मग शिंगाळे, मग मरळ, मग खडकाच्या फटीतून लांबलचक वाम. पिशवी फाटेपर्यंत ते तिथेच राहिले. समितीचा माणूस प्रत्येक जातीचे एका वेळी दिसलेले आकडे मोठ्यानं वाचत गेला आणि अध्यक्षबाई लिहीत गेल्या.

"भराव होणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तसं लिहून देते आहे. पंचनाम्यावर गावातला एक पंच लागेल. भोईर, तुम्ही सही करा."

"मी?" काका म्हणाले. "मना पंच करता? माझ्या पायाचा व्हिडिओ बघितला तुमी."

"म्हणूनच."

भावकी बघत होती. समृद्धी रडत होती आणि हसतही होती. काकांनी आजवर शेकडो कागदांवर न वाचता झोकात सही ठोकली होती. हा कागद त्यांनी गुडघ्यावर ठेवला, खिशातून चष्मा काढला आणि एकेक ओळ बोट लावून वाचली. खडशी सहा. शिंगाळा चार. मरळ दोन. वाम एक. चिलापी एक. एकूण चौदा.

त्यांनी पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"म्याडम," काका म्हणाले, "चौदा नाय, तेरा लिवा. ती एक माझी हाय."